दाजींची कोरडी बोट

बोटीवर सकाळचा पहिला आवाज शिट्टीचा. बोट केवढी, तर पुढच्या टोकाला कुणी शिंकलं की मागच्या टोकाच्या माणसाने तोंड पुसावं, एवढी. तिच्यावर माणसं चार. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. ती थोरली बहीण, म्हणजे ताई. बोट विकत घेताना नांगर-दोरखंडांबरोबर जो पदरात पडला तो म्हातारा खलाशी. आणि मी. या चौघांतले तिघे शिट्टीच्या कितीतरी आधी उठून कामाला लागलेले असायचे. तरी दाजी केबिनच्या दारात उभे राहून, गालांचे फुगे करून, गळ्यातली शिट्टी फुंकायचे आणि आपण जगाला जागं केलं अशा नजरेने आमच्याकडे बघायचे.

"तपासणी!"

मग ते डोक्यावर टोपी चढवायचे. आधी दोरखंड बघायचे. खलाशाने ते गुंडाळून ठेवलेले असायचेच, पण दाजी एक वेटोळं उचलून तसंच परत ठेवायचे आणि "आता ठीक" म्हणायचे. मग भांडी. ताईने घासून पालथी घातलेली पातेली ते उलटून बघायचे, जणू काही खाली चोर दडलाय. आणि शेवटी मुख्य विधी. केबिनच्या जमिनीत एक फळी होती, कडी लावलेली. तिच्याखाली बोटीचं पोट. ताई तिथे टॉवेलची घडी घालून ठेवायची. दाजी त्या घडीवर गुडघे टेकायचे, फळी उचलायचे, आत बॅटरी मारायचे, हात घालायचे, वर काढायचे आणि बोटं एकमेकांवर चोळायचे.

"कोरडी! ठणठणीत कोरडी!"

"हो जी," खलाशी म्हणायचा. तो दर वाक्याला हो जी म्हणायचा म्हणून आम्ही त्याला होजीच म्हणायला लागलो होतो. त्याचीही हरकत नव्हती. हरकत घेणं त्याच्या अंगातच नव्हतं.

त्यानंतर चहा. पहिला कप दाजींना, कडक आणि उकळता. ताईचा कप कुठेतरी कोपऱ्यात साय धरत बसायचा.

दाजींना ही तपासणीची खाज कुठून लागली, ते सांगायला हवं. वजन-मापं खात्यात साहेब होते ते. बाजारात जाऊन दुकानदारांचे तराजू तपासायचे, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. आणि आख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, की साहेबांची जीप वळणावर दिसली की कोपऱ्यावरचा चहावाला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतो. शिट्टी झाली की सगळ्या दुकानांत खोटी वजनं पोत्याखाली आणि खरी वजनं तराजूत. साहेब यायचे, बघायचे, "ठीक" म्हणायचे आणि जायचे. नोकरीभर त्यांना एकही खोटं वजन सापडलं नाही. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, माझ्या धाकाने बाजार सुधारला. टाळ्या दुकानदारांनीच वाजवल्या. मी तिथे होते. मंडपाची ताडपत्री माझीच होती.

हो, मी ताडपत्र्या शिवते. ट्रकच्या, मंडपांच्या, बोटींच्या. या सफरीला मला प्रेमाने वगैरे बोलावलेलं नव्हतं. बोटीचं छत फाटलेलं होतं, आणि मेहुणी म्हणजे घरचीच कारागीर. "मेहुणीबाई, समुद्राची हवा खाऊन होईल," दाजी म्हणाले, "आणि जाता जाता तेवढं छतही." मी आले ते ताईसाठी. कारण या सफरीच्या शेवटी ताईचं घर जाणार होतं.

घर म्हणजे काय, दोन खोल्या, मागे पाण्याची टाकी, आणि स्वयंपाकघराला एक खिडकी. ती खिडकी मुळात नव्हती. ताईने गवंड्याच्या मागे लागून, त्याला रोज जेवायला घालून, ती पाडून घेतली होती. संसारात तिने स्वतःच्या मनाने केलेली तेवढी एकच गोष्ट. निवृत्तीनंतर दाजींनी ही जुनी बोट घेतली आणि मग त्यांच्या मनात आलं की घर हवंच कशाला. बोटीवरच राहू! ना शेजारी, ना नळाची कटकट. एका औषध-दुकानदाराला गोदामासाठी जागा हवी होती, त्याच्याशी बोलणंही करून आले. दुकानदार किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जाऊन शेवटच्या बंदरात आम्हाला भेटणार, आणि तिथेच धक्क्यावर सह्या. घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून ताईचीही सही लागणार होती.

निघताना ताईने एकदाच तोंड उघडलं होतं. "अहो, पण बोट जुनी आहे. पाणीबिणी शिरलं तर? राहायचं कुठे मग?"

धक्क्यावर चार लोक उभे होते. दाजींना चार लोक दिसले की भाषण येतं. "ऐका सगळे! ही बोट म्हणजे बाटली आहे, बूच लावलेली. पोचेपर्यंत हिच्या पोटात ओंजळभर जरी पाणी सापडलं, तर घर विकायचं नाव काढणार नाही. शब्द आहे माझा. बस?"

"बस," ताई म्हणाली.

मला हायसं वाटलं होतं. इतकी जुनी बोट, फळ्यांचे सांधे बघूनच कळत होतं. पहिल्याच सकाळी पाणी सापडेल आणि आम्ही घरी जाऊ, असं मला वाटलं. पण पहिल्या सकाळी दाजींनी बोटं चोळली आणि बोट कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी. संध्याकाळी झोपून उठल्यावर आणखी एक तपासणी असायची, तीही कोरडी. मला समुद्राचाच राग यायला लागला. एवढा अफाट, आणि एका सडक्या फटीतून ओंजळभर आत शिरता येईना.

बाकी दिवस एकसारखे. चहा झाला की होजी आणि मी नांगर ओढायचो. दाजी "हेऽऽ हो, हेऽऽ हो" म्हणायचे, म्हणजे ओझं आमचं आणि दम त्यांचा. मग इंजिन धडधडायला लागायचं. सुकाणू होजीच्या हातात. दाजी मागे घडीच्या खुर्चीत बसून किनारा दाखवायचे. "ते देऊळ नव्हे, दीपस्तंभ आहे," असं ते मला सांगायचे, मी काही विचारलेलं नसताना. ताई भात शिजवायची, मासे तळायची, हलत्या बोटीत पातेलं एका पायाने धरून ठेवायची. मी छतावर टाके घालायचे. दुपारी जेवून दाजी टोपी तोंडावर घेऊन घोरायचे. उठल्यावर तपासणी. मग एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर, कंदील, जेवण, आणि दाजींचे जुने पराक्रम. मध्येच एकदा त्यांची एक चप्पल हरवली. तर दोन दिवस मलाच जबाबदार धरलं. म्हणे शिवताना वाऱ्याने उडवलीस. चप्पल काय पतंग आहे?

एका पहाटे मला लवकर जाग आली. स्टोव्ह भरभरत होता. मी डोकं वर करून बघितलं तर स्टोव्हवर काहीच नव्हतं. नुसती निळी ज्योत. माझ्या बहिणीने आयुष्यात आगपेटीची काडी वाया घालवलेली नाही, ती रिकाम्या स्टोव्हवर रॉकेल जाळेल? मी उठून पुढे गेले. ताई उकिडवी बसली होती, बाह्या वर सारलेल्या, आणि हातपंपाचा दांडा वरखाली करत होती. पंपाच्या घरघरीवर स्टोव्हची भरभर पांघरलेली. नळीतून पाणी बाहेर पडत होतं, चांगलं मनगटाएवढ्या धारेने.

"ताई?"

"हळू! उठतील ना."

"खाली पाणी आहे?"

"असतं थोडं. बोट आहे."

"आणि तू रोज हे..."

"रोज नाही काही." दोन-चार दांडे मारून झाल्यावर म्हणाली, "रोजच."

मला तिथल्या तिथे तिचं बखोट धरून हलवावंसं वाटलं. "तुला कळतंय का काही? पाणी सापडलं तर तुझं घर राहतंय! चारचौघांत शब्द दिलाय त्यांनी."

"माहितेय मला."

"मग?"

"पहिल्या पहाटे फळी उचलली, पाणी दिसलं. हात पंपावर गेला. विचार नंतर आला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कसं सांगणार, काल पण होतं म्हणून?"

तिचा सगळा संसारच असा. दाजी शर्ट घालायच्या आधी ही गुंड्या ओढून बघणार. ते जेवायला बसायच्या आधी ही आमटीचा थेंब तळहातावर घेऊन मीठ बघणार. नळ गळायला लागला तर ते ऑफिसातून यायच्या आत प्लंबरला आणून, दुरुस्त करून, फरशी पुसून ठेवणार. आणि ते घरी येऊन म्हणणार, बघ, माझ्या घरात कधी काही बिघडत नाही.

"सकाळी सकाळी पाणी दिसलं की त्यांचा सगळा दिवस जातो गं," ताई म्हणाली. "मग चहा पांचट, भात कच्चा, सगळं माझ्यावर. मला नको वाटतं ते."

"म्हणून घर देऊन टाकशील?"

तिने फळी बसवली, टॉवेलची घडी घातली आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने शिट्टी. तपासणी. ठणठणीत कोरडी.

त्याच दिवशी दुपारी माझी सुई खाली पडली, ती शोधायला मी वाकून केबिनमध्ये शिरले. दाजी वर घोरत होते, ताई पुढच्या टोकाला भांडी घासत होती. इंजिन चालू. सुकाणू दोरीने बांधून ठेवलेलं, आणि होजी पंपावर.

"होजी! हे कधीपासून?"

"पहिल्यापासून जी."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"साहेबांनी विचारलं, कोरडी आहे ना? मी म्हणालो, हो जी."

"आणि ओली आहे ना, असं विचारलं असतं तर?"

"हो जी."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. तो दांडा मारता मारता सांगत होता, की साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, पाणी दिसलं म्हणजे तुझी देखभाल नाही, दुसरा माणूस बघेन. "या वयात मला कुठली बोट घेणार जी? पण एक सांगतो, बोट सुधारली. जुन्या मालकाच्या वेळी दुपारी याच्यापेक्षा जास्त पाणी निघायचं."

"सुधारली कसली! ताई रोज पहाटे अर्धं काढते."

त्याचा दांडा हवेत राहिला. "बाईसाहेब?" तो माझ्याकडे, मग पाण्याकडे बघत राहिला. "मग हे तर भलतंच वाढलंय जी."

म्हणजे बघा. बोटीत पाणी किती शिरतंय, हे बोटीवरच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. बायको नवऱ्यापासून लपवतेय, नोकर मालकापासून लपवतोय, आणि मालक रोज दोनदा गुडघे टेकून आपल्याच कोरड्या बोटांवर खूश. समुद्र आत येत होता आणि माणसं त्याला गुपचूप मागच्या दाराने बाहेर घालवत होती, एका टोपीचा आब राहावा म्हणून.

संध्याकाळी बटाटे सोलताना मी ताईला हे सांगितलं. तिची सुरी थांबली.

"तोही काढतो?"

"तोही काढतो. आणि वाढतंय, म्हणतो."

"उद्या पोचतोच आहोत," ती म्हणाली आणि परत सोलायला लागली.

"उद्या पोचतोय म्हणजे उद्या घर जातंय! तुला जमत नसेल तर मी सांगते दाजींना."

"तू सांगितलंस तर मी म्हणेन, ही खोटं बोलतेय."

आणि ती तसं म्हणाली असती. मी ओळखते तिला. माझ्या बहिणीइतकी भित्री बाई आणि माझ्या बहिणीइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि दोन्ही एकाच अंगात.

त्या संध्याकाळी आम्ही बंदराच्या तोंडाशीच, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकला. धक्क्यावरचे दिवे दिसत होते. दाजी खुशीत होते. बटाट्याचा रस्सा भुरकत ते म्हणाले, "दुकानदार पहिल्यांदा ती स्वयंपाकघरातली खिडकी बुजवणार. विटा लावून. बरोबरच आहे, गोदामाला काय करायचीय खिडकी?"

ताई वाढत होती.

"आणि भांडीकुंडी त्यालाच देऊन टाकू म्हणतो. बोटीवर एक पातेलं बस झालं. खरं सांगू का? तुझंच कल्याण आहे यात. घरी सारखी काही ना काही कामं असायची तुला. इथे बघ! इतके दिवस काय काम होतं? आयती बसून आलीस, राणीसारखी."

डाव रश्श्यात तसाच राहिला. ताईने दाजींकडे पाहिलं. रागाने नाही, बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन आपण खालून-वरून बघतो ना, तसं.

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती शांततेने. चांगलं उजाडलं होतं आणि स्टोव्हचा आवाज नव्हता. मी कुशीवर वळले. ताई उताणी पडलेली, डोळे टक्क उघडे. तिने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट गच्च धरून ठेवलं होतं, एखाद्या द्वाड पोराला धरावं तसं.

"ताई, उजाडलं."

"दिसतंय मला."

"स्टोव्ह?"

"आज नाही."

बाहेर होजी चुळबुळत होता. रोजच्या वेळेला आवाज आला नाही म्हणून तो बिचारा वाकून आत डोकावला आणि त्याची नजर पंपाकडे गेली. ताई पडल्या पडल्याच म्हणाली, "होजी, तुम्हीही बसा."

"हो जी," तो म्हणाला आणि दारातच बसला. त्याच्या तोंडून निघालेला, मला आवडलेला पहिला 'हो जी'.

दाजी उशिरा उठले. चहाचा वास न आल्याने त्यांच्या झोपेची काहीतरी गडबड झाली असणार. शिट्टी वाजली, पण जरा फुसकीच. टोपी. दोरखंड. मग भांडी, रात्रीची, खरकटी, तशीच.

"हे काय?"

"राहिली," ताई म्हणाली. ती आता उठून बसली होती.

टॉवेलची घडीही नव्हती. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि नुसत्या लाकडावर गुडघे टेकले. गुडघा कडकन वाजला. त्यांनी फळी उचलली, बॅटरी मारली, आणि उजेड खालून उलटून त्यांच्याच तोंडावर पडला. आत पाणी लपलपत होतं, आणि त्यावर त्यांची हरवलेली चप्पल तरंगत होती.

त्यांनी बोटाने चप्पल ढोसून बघितली.

"दव आहे," ते म्हणाले.

"दव?" मी म्हटलं.

"समुद्रावर जास्त पडतं. मेहुणीबाई, काल अंघोळ कुणी केली?" मग त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. "खारट आहे." एवढं शोधून काढल्यावर जरा धीर आला असावा, कारण आवाज चढला. "काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलं, कोरडी होती! रात्रीतून काहीतरी आपटलंय. होजी! आपटलं ना?"

होजीने ताईकडे पाहिलं. मग पायांकडे. "नाही जी."

नांगर बोलला असता तरी दाजी इतके दचकले नसते.

"काय?"

"दुपारचं मी काढायचो जी."

"आणि पहाटेचं मी," ताई म्हणाली.

"म्हणजे... रोज?"

"रोज."

"मला फसवलंत तुम्ही!" दाजी ओरडले. गुडघ्यांवरच होते अजून, हातातून पाणी निथळत होतं. "माझ्याच बोटीवर! माझ्याच बायकोने!" ज्या बायकोने या माणसाला इतके दिवस बुडू दिलं नाही, तिला तो फसवणूक म्हणत होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. तेही स्वतःसाठीच.

तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. औषध-दुकानदार, चकचकीत बूट, बगलेत पिशवी. "साहेब! आलात का? या, या, सगळं तयार ठेवलंय!"

दाजींचा आवाज एकदम खाली आला. ते ताईकडे सरकले. "हे बघ, मी काय म्हणालो होतो? ओंजळभर. हे काय ओंजळभर आहे का? ही परिस्थितीच वेगळी आहे. याचा आणि त्या शब्दाचा संबंध..."

"खरंय," ताई म्हणाली. "हे जास्त आहे."

ती उठली, त्यांना वळसा घालून बाहेर गेली आणि कठड्याला धरून ओरडली. ती ओरडू शकते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या नवऱ्याला त्या दिवशी कळलं.

"अहो भाऊ! घर विकायचं नाहीये! पाणी शिरलंय!"

"घरात?"

"नाही! बोटीत!"

दुकानदार तसाच तोंड उघडं टाकून उभा राहिला. त्याला काही कळलं नाही, आणि कुणी समजावलंही नाही.

ताई आत आली, पंपाचा दांडा उचलून दाजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या."

"मी?"

"बोट कुणाची आहे?"

होजी सवयीने उठायला लागला. ताईने नुसतं बघितलं, तो बसला. दाजी पंपापुढे उकिडवे झाले. आखूड, घाईघाईचे दांडे मारायला लागले. पंप नुसता ढेकर दिल्यासारखा हवा सोडत होता. टोपी घसरून पाण्यात पडली आणि चपलेशेजारी जाऊन राहिली. पाच मिनिटं झाली नसतील, तर ते थांबले, कमरेवर हात ठेवला आणि धापा टाकत म्हणाले, "याला शिस्त पाहिजे. पाणी काढायची वेळ ठरवली पाहिजे. आजपासून मी..." आणि त्यांचा हात शिट्टीकडे गेला.

"आधी काढा," ताई म्हणाली.

तिने स्टोव्ह पेटवला. या वेळी त्याच्यावर आधण ठेवलं. चहा झाल्यावर तिने एक कप होजीला दिला, एक मला, आणि तिसरा स्वतः घेऊन बाहेर घडीच्या खुर्चीत जाऊन बसली. वाफ जायच्या आत प्यायला लागली. पहिल्या घोटाला जीभ भाजली तिची. गरम चहाची सवयच नव्हती. पण तिने कप खाली ठेवला नाही.

आतून पंपाची घरघर येत होती, आणि तिच्यावर पांघरायला कुठला आवाज नव्हता. सगळ्या बंदराला ऐकू जात असणार.

"अगं," दाजींचा आवाज आला, "किती राहिलंय? जरा येऊन बघ ना."

ताईने चहावर फुंकर घातली.

"बघा की तुम्हीच," ती म्हणाली. "बॅटरी आहे ना तुमच्याकडे."